दोन किल्ल्यांची तिजोरी

नोव्हेंबर लागला की किनवटमधल्या बँकांसमोर सकाळपासूनच म्हातारी माणसं जमायला लागतात. शटर वर जायला अजून तासभर असतो. कुणी बोधडीहून पहिल्या गाडीनं आलेलं असतं, कुणी गोकुंद्याहून काठी टेकत. हातातल्या पिशवीत पासबुक, आधार कार्ड आणि दुपारसाठी बांधून घेतलेली भाकरी. आत टेबलावर कोषागाराकडून आलेली छापील यादी असते. आपल्या नावासमोर सही करायची, नाहीतर अंगठा द्यायचा. हा हयातीचा दाखला. तो दिला की वर्षभराची निश्चिंती, आणि राहिला की पेन्शन थांबते.

माझे वडील वनखात्यातून वनपाल म्हणून निवृत्त झाले. पैनगंगेच्या काठची सागवानाची जंगलं त्यांनी तीसएक वर्षं पायी तुडवली. एका नोव्हेंबरात ते रांगेत उभे राहिले, सही करून घरी आले, आणि तरीही नव्या वर्षात पेन्शन जमा झाली नाही. बँकेतच कुठल्याशा फायलीत ते सहीचं पान राहून गेलं होतं. ते सापडून वर जाईपर्यंत तीन महिने गेले. त्या तीन महिन्यांतल्या एका रात्री जेवताना वडिलांनी विचारलं, "माझा पैसा अडवायचा हक्क असलेली ही ट्रेझरी म्हणजे नेमका कोण माणूस आहे? त्याला निवडलं कुणी?"

मी गप्प बसलो. आमदार कोण, खासदार कोण, सरपंच कोण हे शाळेतल्या पोरालाही सांगता येतं. राज्याचा खजिनदार कोण, हे मला पत्रकारितेत इतकी वर्षं काढूनही सांगता येईना. तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. हा लेख त्या प्रश्नामागे फिरता फिरता झाला.

सुरुवात गावातूनच केली. किनवटला उपकोषागार आहे, पण बोलताना त्याला उपकोषागार कुणी म्हणत नाही. ती ‘ट्रेझरी’. तालुक्यातल्या सरकारी माणसांच्या तोंडी तिची स्वतंत्र भाषा आहे: बिल टाकलं, टोकन मिळालं, ऑब्जेक्शन लागलं, ग्रँट संपली, बीडीएस निघाला का. मार्चअखेरीला तर तहसीलपासून आश्रमशाळेपर्यंत दुसरा विषयच नसतो. प्रत्येक कार्यालयात एकजण आहरण व संवितरण अधिकारी असतो. पैसा मागायचा अधिकार त्याला, द्यायचा अधिकार त्याला नाही. त्यानं पाठवलेलं बिल ट्रेझरीत येतं आणि तिथला लेखा लिपिक ते तपासतो. खर्चाला मंजुरी आहे का? तरतूद शिल्लक आहे का? लेखाशीर्ष बरोबर टाकलंय का? सही नमुन्यातल्या सहीशी जुळते का? एकही गोष्ट खटकली तर बिल आक्षेपासह परत जातं. तालुक्यात मोठे हुद्दे पुष्कळ आहेत, पण स्वतःपेक्षा कितीतरी वरच्या अधिकाऱ्याच्या कागदावर ‘नाही’ लिहायची मुभा इतक्या खालच्या खुर्चीला दुसऱ्या कुठल्या कार्यालयात असेल असं मला वाटत नाही. लोक या खुर्चीवर चिडतात. मीही चिडलोय. पण ती खुर्ची कशासाठी आहे हे पुढे कळत गेलं.

ट्रेझरीचा आत्मा म्हणजे तिची स्ट्राँगरूम. आता रोकड बँकेत असते, तरी मुद्रांक आणि इतर खात्यांनी मोहोरबंद पेटीत ठेवायला दिलेल्या मौल्यवान वस्तू वर्षानुवर्षं कोषागारांच्या याच खोल्यांत राहिल्या. तिच्या दाराला दोन वेगळी कुलपं. एकाची किल्ली अधिकाऱ्याकडे, दुसऱ्याची रोख सांभाळणाऱ्याकडे. दोघं एकत्र आल्याशिवाय दार उघडत नाही. यालाच ‘डबल लॉक’ म्हणतात. एकानं दुसऱ्याच्या भरवशावर आपली किल्ली देऊन टाकायची नाही, हा त्या खोलीचा पहिला नियम.

हिशेबाची वाट मात्र किनवटहून बरीच लांब जाते. तालुक्याचा हिशेब नांदेडच्या जिल्हा कोषागारात मिळतो. तिथून तो नागपूरला महालेखापालांकडे जातो, कारण विदर्भ आणि मराठवाडा या दोन्ही विभागांचे लेखे तिथे ठेवले जातात. रिझर्व्ह बँकेचा केंद्रीय लेखा विभागही नागपुरातच आहे. केंद्राची आणि राज्यांची रोजची शिल्लक तिथे जुळवली जाते. म्हणजे किनवटच्या दुय्यम निबंधकाकडे कुणी दस्ताची फी भरली, तरी तिचा आकडा शेवटी नागपूरच्या एका खात्यात मिसळतो.

किनवटच्या खजिन्याची वाट नेहमी हीच नव्हती. हा तालुका हैदराबाद संस्थानात आदिलाबाद जिल्ह्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली तेव्हा आदिलाबादचा किनवट तालुका, राजुरा तालुका आणि बोथ तालुक्यातलं इस्लापूर सर्कल मुंबई राज्यात आलं. राजुरा पुढे चांद्याकडे गेलं, आम्ही नांदेडचे झालो. आमच्या आजीच्या पिढीच्या तोंडी ‘हाली’ आणि ‘कळदार’ हे दोन शब्द होते. हाली म्हणजे निजामाचा रुपया, कळदार म्हणजे इंग्रजी हिंदुस्थानचा. संस्थान भारतात आल्यावरही काही वर्षं दोन्ही चालत होते. भाव होता सात हालीला सहा कळदार. हाली सिक्का पुरता बंद झाला १९५९ मध्ये. बाजारात लुगड्याचा भाव विचारताना आधी ‘हालीत की कळदारात?’ असं विचारावं लागे, हे आजी सांगायची. या चलनाची आणि सरकारी खजिन्याची व्यवस्था पाहायला हैदराबाद स्टेट बँक निघाली, १९४२ मध्ये तिचं काम सुरू झालं. पुढे तीच स्टेट बँक ऑफ हैदराबाद. मराठवाड्यात सरकारी पैसा म्हणजे एसबीएच, असं समीकरण २०१७ पर्यंत होतं. त्या वर्षीच्या १ एप्रिलला ती स्टेट बँकेत विलीन झाली. गावोगावच्या पाट्या बदलल्या, पण जुने पेन्शनर अजूनही ‘हैदराबाद बँकेत जाऊन येतो’ म्हणतात.

त्याच्याही मागे गेलं तर खजिनदार हा शब्द फार वेगळ्या माणसांना लागू पडत होता. १८५३ मध्ये पहिले सालारजंग दिवाण झाले तेव्हा निजामाचा खजिना जवळजवळ सावकारांच्या दारात उभा होता. कर्जापोटी मुलूख गहाण पडलेला, सारावसुली मक्त्यानं दिलेली, आणि कित्येक तालुके अरब-रोहिल्या जमादारांच्या ताब्यात. ज्यानं कर्ज दिलं तोच वसूल करणार, त्याचा हिशेब तोच ठेवणार. रयतेकडून किती घेतलं आणि सरकारात किती भरलं हे दोन आकडे कधी एका कागदावर येत नसत. सालारजंगांनी मक्ते मोडत आणले, पगारी तालुकदार नेमले, १८६५ ला जिल्हाबंदी केली, आणि वसूल सरकारी खजिन्यात येऊ लागला. वसूल करणारा वेगळा आणि सांभाळणारा वेगळा, ही साधी गोष्ट. पण तेवढ्यानं संस्थान सावरलं. मराठी मुलखात तर हा भेद आडनावांत गोठलेला आहे: नाणं पारखणारा पोतदार, रोख सांभाळणारा पोतनीस, हिशेब लिहिणारा फडणीस, आणि वर अमात्य किंवा मुजुमदार. एकाच माणसाला चारही कामं दिली नव्हती.

मग आजचा अमात्य कोण? वडिलांच्या प्रश्नाचं खरं उत्तर असं की महाराष्ट्रात राज्याचा खजिनदार नावाचा एक माणूस नाही. तो अधिकार तुकडे करून वाटलेला आहे. राज्याला मिळालेला महसूल आणि घेतलेलं कर्ज जमा होतं ते राज्याच्या एकत्रित निधीत, संविधानाच्या अनुच्छेद २६६ प्रमाणे. विधिमंडळानं विनियोजनाचा कायदा केल्याशिवाय त्यातला एक रुपया बाहेर काढता येत नाही. खर्च मांडतो अर्थमंत्री, मंजूर करते विधानसभा, पैसा राहतो रिझर्व्ह बँकेत, बिल तपासतं कोषागार, आणि झालेल्या खर्चाचं परीक्षण करतात भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक. त्यांचा अहवाल लोकलेखा समितीपुढे येतो, आणि समितीच्या अध्यक्षपदी प्रथेप्रमाणे विरोधी पक्षाचा सदस्य असतो. या सगळ्या साखळीत मतदारानं थेट निवडलेले फक्त आमदार. अर्थमंत्र्याला अर्थमंत्री म्हणून कुणी मत देत नाही. तो एखाद्या मतदारसंघाचा आमदार असतो, नाहीतर विधान परिषदेचा सदस्य. किनवटच्या मतदाराचा राज्याच्या तिजोरीशी असलेला धागा तो एवढाच: आपला आमदार, आणि अर्थसंकल्पावर मतदान होताना त्यानं वर केलेला हात.

त्या हाताखालून केवढी रक्कम जाते! १० मार्च २०२५ ला विधिमंडळात मांडलेला २०२५-२६ चा अर्थसंकल्प सात लाख कोटींच्या घरात होता, आणि महसुली तूट ४५,८९१ कोटी. आणि पुढे अधिवेशनागणिक पुरवणी मागण्या येत राहतात. अर्थसंकल्पाच्या दिवशी टीव्हीसमोर बसणारे पुष्कळ असतात, पुरवणी मागण्यांच्या दिवशी कुणी नसतं. माझ्या मते महाराष्ट्राच्या पैशाचा खरा कल त्या कंटाळवाण्या दिवशी कळतो.

नांदेडच्या लोकांना देशाचा खजिना आपल्या माणसाच्या हाती गेल्याचा अनुभव आहे. शंकरराव चव्हाण नांदेडचे नगराध्यक्ष होते, पुढे राज्याचे दोनदा मुख्यमंत्री झाले, आणि १९८८-८९ मध्ये केंद्रीय अर्थमंत्री. फेब्रुवारी १९८९ चा अर्थसंकल्प त्यांनी मांडला. त्याच एप्रिलपासून जवाहर रोजगार योजना सुरू झाली आणि रोजगाराचा पैसा ग्रामपंचायतींपर्यंत जाऊ लागला. नगरपालिकेच्या जमाखर्चावर सही करणाऱ्या माणसानं पुढे देशाच्या जमाखर्चावर सही केली, याचा अभिमान आमच्याकडे अजून आहे आणि तो रास्त आहे.

पण खजिनदार थेट लोकांनी निवडावा, असं कुठे आहे का? आहे. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत गव्हर्नरच्या निवडणुकीबरोबर राज्याच्या खजिनदाराचीही निवडणूक होते. प्रचार, पत्रकं, पक्ष, सगळं साग्रसंगीत. मेरीलँड, टेनेसी, मेन, न्यू हॅम्पशायर अशा काही राज्यांत त्याला विधिमंडळ निवडतं. त्याचं काम साधारणपणे पैसा सांभाळण्याचं, गुंतवण्याचं, कर्जरोख्यांकडे पाहण्याचं. बँकांत बेवारस पडून राहिलेल्या ठेवी मूळ मालकाला शोधून परत करणं हेही कितीतरी ठिकाणी त्याच्याकडेच. खर्च कशावर करायचा, हे मात्र तो ठरवत नाही.

ऐकायला हे फार चांगलं वाटतं. आपला खजिनदार आपणच निवडायचा, नाही पटला तर घरी पाठवायचा. पण टेक्सासमध्ये मतदारांनी वेगळाच निर्णय घेतला. मार्था व्हाइटहेड नावाच्या उमेदवार ‘हे पदच नको, याचं काम दुसरं खातं करू शकतं’ असं सांगत निवडून आल्या आणि मतदारांनी घटनादुरुस्तीला मान्यता दिल्यावर १९९६ मध्ये ते पद बंद झालं. मिनेसोटानंही १९९८ ला तसाच कौल दिला, तिथलं पद २००३ मध्ये संपलं. लोकांनी मत देऊन आपला खजिनदार रद्द केला, हे वाचून मी चकित झालो.

आणखी एक गोष्ट मला या विषयात सगळ्यांत मोलाची वाटते. कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत रॉबर्ट सिट्रन हे वर्षानुवर्षं निवडून येणारे खजिनदार होते. काउंटीचाच नव्हे, तिथल्या शाळांचा, शहरांचा, पाणीपुरवठा संस्थांचा पैसा ते एकत्र गुंतवत आणि इतरांपेक्षा जास्त व्याज मिळवून देत. लोक खूश होते. १९९४ च्या निवडणुकीत जॉन मूरलाक या प्रतिस्पर्ध्यानं सांगितलं की हे व्याज कर्ज काढून केलेल्या जोखमीतून येतंय, व्याजदर वाढले तर सगळं कोसळेल. मतदारांनी सिट्रन यांनाच निवडलं. व्याजदर वाढत गेले, आणि ६ डिसेंबर १९९४ ला काउंटीनं दिवाळखोरी जाहीर केली. तोटा सुमारे १६० कोटी डॉलरचा. इशारा जाहीर सभांतून दिलेला होता, मतदानाच्या आधी दिलेला होता. पण मत देणाऱ्याला हिशेबाची वही वाचून दाखवणारं कुणी नव्हतं, आणि एका माणसाच्या शब्दावर सगळ्यांनी आपापल्या किल्ल्या त्याच्याकडे दिल्या होत्या.

उलट बाजूही आहे, आणि ती आपल्या देशातली आहे. जानेवारी १९९६ मध्ये तेव्हाच्या बिहारमधल्या पश्चिम सिंहभूम या आदिवासी जिल्ह्यात, चाईबासाला, तरुण उपायुक्त अमित खरे यांनी पशुसंवर्धन खात्याच्या कार्यालयांवर धाडी घातल्या. कोषागारातून मंजूर तरतुदीच्या कितीतरी पट रक्कम खोट्या बिलांवर निघत होती. चारा घोटाळा उघडा पडला तो तिथून. तिथं कुणी कोषागार फोडलं नव्हतं. ‘नाही’ लिहायची मुभा असलेल्या खुर्चीवरच्या माणसानं ‘नाही’ लिहिलं नाही, एवढंच झालं. त्या बातम्या पुन्हा वाचल्या आणि किनवटच्या ट्रेझरीतल्या आक्षेपांबद्दलचा माझा राग निवळला.

म्हणून खजिनदार निवडून द्यावा की नेमावा, हा प्रश्न मला आता अर्धाच वाटतो. निवडलेला बुडवू शकतो, नेमलेला डोळे मिटू शकतो. दार उघडायला दोघं लागतात का आणि दोघांकडे आपापली किल्ली खरंच आहे का, हे पाहायला हवं.

मराठवाड्याची जुनी तक्रार तर किल्लीच्याही आधीची आहे. तिजोरीत आमचा वाटा किती, ही. १९५३ च्या नागपूर कराराने समन्यायी निधीचा शब्द दिला. तीस वर्षांनी दांडेकर समितीला अनुशेष मोजावा लागला. गोविंदभाई श्रॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मराठवाडा जनता विकास परिषदेतून त्यासाठी आयुष्य वेचलं. १९९४ ला वैधानिक विकास मंडळं आली आणि एप्रिल २०२० मध्ये त्यांची मुदत संपली. त्यावर स्वतंत्र लेखच हवा.

मला जायचंय ते याहून खाली, जिथे किनवटचा माणूस खरोखर खजिनदार निवडतो तिथे. ग्रामपंचायतीचा ग्रामनिधी असतो आणि त्याच्या खात्यावर दोन सह्या चालतात, सरपंचाची आणि ग्रामसेवकाची, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. सरपंच २०१७ पासून थेट जनतेतून निवडला जाऊ लागला, २०२० ला ते थांबलं, २०२२ ला पुन्हा सुरू झालं. सिट्रन यांना मत देणाऱ्या मतदाराइतकाच थेट अधिकार पैनगंगेकाठच्या मतदाराला मिळाला तो इथे. त्यात किनवट तालुक्यातली बरीच गावं अनुसूचित क्षेत्रात येतात, तिथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे आणि सरपंच अनुसूचित जमातीचाच असतो. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी लोकसंख्येप्रमाणे थेट पेसा ग्रामपंचायतींना येतो. पायाभूत सुविधा, वनहक्क व पेसाची अंमलबजावणी, आरोग्य-स्वच्छता-शिक्षण, आणि जंगल-पाणी असे चार भाग. काय करायचं ते ग्रामसभेनं ठरवायचं. याला अबंध निधी म्हणतात. राज्याच्या सात लाख कोटींत हा थेंब आहे, पण या थेंबावर गोंड, कोलाम, आंध माणसाचा हात पोचतो.

गेल्या वर्षी अशाच एका ग्रामसभेला गेलो होतो. गावाचं नाव लिहीत नाही. शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी, समोर टेबल, टेबलावर नमुना ५ ची रोकडवही. ग्रामपंचायतीच्या दप्तरात १ ते ३३ नमुने असतात, त्यात पैशाची खरी गोष्ट या पाचव्या नमुन्यात असते. जमाखर्च वाचला गेला, पण इतक्या भरभर की मला टिपून घेता येईना. बायका मागे बसल्या होत्या. आपसात गोंडीत बोलत होत्या, वाचन मराठीत चाललं होतं, आणि तेही ‘लेखाशीर्षनिहाय’, ‘अखर्चित’, ‘समायोजन’ असल्या मराठीत, जी माझ्या वडिलांनाही परकी वाटली असती. एक वयस्क बाई उठल्या. त्यांनी मराठीतच विचारलं, पाच टक्क्यांतले किती आले आणि त्यातले किती उरले, एवढं दोन आकड्यांत सांगा. आकडे सांगायला वही पुन्हा उघडावी लागली.

सरपंचही बाईच होत्या, थेट निवडून आलेल्या, तिशीतल्या. आता पुष्कळसे पैसे चेकनं जात नाहीत, ऑनलाइन जातात. सहीच्या जागी डिजिटल सही, म्हणजे बोटाएवढा डोंगल. ग्रामसेवकाचा एक, सरपंचाचा एक. पहिल्यानं भरायचं, दुसऱ्यानं तपासून मान्य करायचं. स्ट्राँगरूमच्या दोन कुलपांचाच हा नवा अवतार. मी सरपंचबाईंना विचारलं, "ताई, तुमचा डोंगल कुठंय?" त्यांनी संगणक परिचालकाकडे पाहिलं. त्या पोरानं टेबलाचा खण ओढला. खणात दोन्ही डोंगल शेजारी शेजारी होते, एका रबरबँडनं बांधलेले. सोयीसाठीच ठेवले होते, त्यात लबाडी नव्हती. इंटरनेट कधी येतं कधी जातं, आलं की पटकन काम उरकायचं असतं. पिन त्या पोरालाच पाठ होता. सरपंचबाईंना तो कुणी सांगितलाच नव्हता.

मघाच्या वयस्क बाई टेबलाजवळ आल्या आणि तो निळा तुकडा हातात घेऊन उलटसुलट पाहू लागल्या. यातून पैसा कसा जातो, हे परिचालकानं त्यांना समजावून सांगितलं. हा तर कुलपाचाच प्रकार झाला, असं काहीसं त्या गोंडीत म्हणाल्या आणि शेजारणीनं मला त्याचं मराठी करून सांगितलं. रबरबँड सोडवून त्यांनी सरपंचबाईंचा डोंगल वेगळा केला आणि त्यांच्या हातात दिला.

सभा उठल्यावर सरपंचबाई तासभर थांबल्या. परिचालकाच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांनी पिन बदलून घेतला. नवा पिन टाकताना त्या पोरानं आपणहून मान दुसरीकडे वळवली. मग वहीतली मागच्या तीन महिन्यांची पानं त्यांनी एकेक करून वाचायला घेतली, अडलं तिथे बोट ठेवून विचारत. बाहेर अंधार पडत आला तेव्हा त्यांनी डोंगल पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला आणि वही काखेत घेऊन त्या घराकडे निघाल्या. ग्रामसेवकांनी मागून हाक मारली, वही कार्यालयातच राहू द्या म्हणून. त्या परत आल्या, वही कपाटात ठेवली, आणि कपाटाला कुलूप लागेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.